ट्रायल

मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, तांडापेठेत
मी फर शिवायला घेतली.

नाटकवाले पाठराबे फोटो ठेवून गेले होते:
उंच टोपीतली एक बाई, मागे पांढरं रान,
अन् पोटाशी काहीतरी केसाळ,
झोपलेल्या मांजरासारखं.
"मांजर नाही हो, वच्छलाबाई. मफ म्हणतात त्याला.
दोन्ही हात दोन्हीकडून आत घालायचे.
दीडशे वर्षांपूर्वी तिकडच्या बाया असंच फिरत."
मी म्हटलं, मंग काम कोणत्या हातानं करत?
ते हसले. म्हणाले, तिसऱ्या अंकात बर्फ पडतो,
आणि पाचशे रुपये ॲडव्हान्स दिला.

फर मिळाली इतवारीत,
टेडी भरणाऱ्या निजामभाईकडे, किलोच्या भावानं.
कोणत्या जनावराची, मी विचारलं.
"पॉलिस्टरची."

याला कात्री चालत नाही.
कात्री केसही खाते, मग शिवणीवर टक्कल पडतं.
पालथी घालायची, खडूची रेघ ओढायची,
आणि ब्लेडच्या टोकानं नुसती पाठ उघडायची,
केसांना पत्ता लागू न देता.
कल आधी बघायचा.
एकीकडून हात फिरवला तर लाड,
दुसरीकडून भांडण.

कूलर लावला तर केस घरभर उडतात.
कूलर बंद केला.
घामावर केस, पापणीवर केस, चहात केस.
पोरगी दारातूनच ओरडली, "आई, तुले मिशा आल्या!"
माझा बाप मागावर बसायचा,
उभा धागा, आडवा धागा, तिसरा प्रकार त्याला ठाऊक नव्हता.
या कापडाला पाहून तो काय बोलला असता
ते मी इथं लिहीत नाही.

आत कापसाचा थर.
अस्तराला बँडवाल्याच्या कोटातून उरलेलं मरून साटिन,
आतल्या बाजूला चोरखिसा, रुमालापुरता,
गळ्यात अडकवायला गोंडा लावलेली दोरी.
शिवणीत दबलेले केस सुईनं एकेक बाहेर ओढले,
जत्रेत हरवलेली पोरं काढावीत तसे,
तेव्हा कुठं जोड दिसेनासा झाला.

मग हात घातले.
अर्ध्या मिनिटात तळवे ओले.
म्हणजे बरोबर झालं का चुकलं?
ब्लाऊज असता तर काख सांगते, गळा सांगतो.
पंचेचाळीस डिग्रीत
मफची ट्रायल द्यायची कोणावर?

पिशवीत घालून मी गेले
रेल्वे लाइनीमागच्या बर्फाच्या कारखान्यात.
हिरामण निमजे लाद्या ओढत होता,
आकडा हातात, पायाशी भुसा,
बोटं उकडलेल्या शेंगांसारखी पांढरी, सुरकुतलेली.
म्हटलं, भाऊ, जरा हात घाला यात.
"काय आहे बाप्पा हे? अस्वल?"
घाला तं खरं.

त्यानं आकडा भिंतीला टेकवला.
हात पँटीला पुसले, दोनदा.
एक इकडून, एक तिकडून.
आत ते एकमेकांना भेटले असावेत,
कारण त्याचे खांदे खाली आले.
मशीन घुरघुरत होतं.
बाहेर रसवंतीवाला बर्फासाठी हाका मारत होता.
हिरामण काहीच बोलला नाही,
अन् मीही विचारलं नाही.
मग म्हणाला, "एकवीस वर्षं झाली इथं."
आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला
आणि हात काढून दिले मला,
म्हणजे मफ काढून दिला, पण वाटलं तसं.

प्रयोगाला मी शेवटच्या रांगेत.
तिसऱ्या अंकात वरून कापूस पडला, थोडा साबुदाणाही.
वीज बिलाच्या खिडकीवर बसणारी ती हेडाऊंची सून
मफमध्ये हात घालून उभी होती,
आणि खरंच थंडी वाजल्यासारखी दिसत होती.
नंतर विंगेत म्हणाली,
"वच्छलाताई, आत काहीतरी टोचत होतं हो."
मी चोरखिसा उलटा केला.
चिमूटभर भुसा.

झटकू का, तिनं विचारलं.
राहू दे, म्हटलं.